राजा, नाना आणि चार चाकं

‘चेन्नईत थंडी पडते का हो?’ असं पुण्या-साताऱ्याकडचे नातेवाईक फोनवर विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसतात. पडते तर! डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना लागला की आमच्या पेरंबूरमध्ये दूधवाला कानटोपी चढवतो, पहाटे देवळात निघालेल्या आजीबाई डोक्याला टॉवेल गुंडाळतात आणि घराघरांतला पंखा एक नंबरवर येतो. पारा वीस-एकवीस अंशांवर असतो, हा भाग वेगळा!

पण दुसरी एक थंडी असते. ती पाऱ्यावर दिसत नाही. आमच्या घरात ती दोन वर्षांपूर्वी शिरली आणि आम्हाला पत्ताही लागला नाही.

सासूबाई गेल्या. जत तालुक्यातल्या घराला कुलूप घालून ह्यांनी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चेन्नईला आणलं. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर शेती केलेला माणूस. बरोबर एक ट्रंक, सासूबाईंनी जतच्या बाजारात पारखून घेतलेली काळी घोंगडी, आणि राजा.

राजा म्हणजे नानांचा कुत्रा. आमच्या भागात या जातीला ‘कारवान’ म्हणतात. लांबट तोंड, आत गेलेलं पोट, उंच सडपातळ पाय, अंगावर मखमलीसारखे आखूड केस. हे कुत्रे पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आले म्हणून कारवान, असं जुनी माणसं सांगतात. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. टपाल खात्याने 2005 साली भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि तमिळनाडूचा राजपालयम यांच्या जोडीला मुधोळही होता. नानांच्या पाकिटात ते तिकीट अजून आहे.

तर असे हे दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहू लागले. नानांना मराठी येतं आणि जत सीमेवरचं असल्यामुळे कानडी. तमिळ एक अक्षर नाही. आम्ही त्यांचं सगळं वेळेवर करत होतो. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, डॉक्टर वेळेवर. नाना हळूहळू बोलायचे बंद झाले. ‘हो’, ‘नको’, ‘बरं’, एवढंच. बोलायचे ते राजाशी, तेही गॅलरीत बसून, खालच्या आवाजात.

कुत्र्याला विचारलं होतं का?

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लग्नानंतर आम्ही उटीला गेलो होतो, तेव्हा परत तिथेच जायचं असं ह्यांच्या मनात होतं. जानेवारीतली रजा मंजूर झाली. लेक पुण्याला शिकते, तिची परीक्षा. प्रश्न उरला नानांचा. ते म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या. मी आणि राजा राहतो घरी.’ तिसऱ्या मजल्यावर, एकटे? शक्यच नव्हतं. मग नानांना न्यायचं आणि राजाला आठवडाभर कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवायचं, असं आम्ही ठरवलं. आम्ही ठरवलं, हे लक्षात घ्या. एका ठिकाणी दोन दिवस ठेवून पाहिलं. राजाने पाण्याला तोंड लावलं नाही आणि इकडे नानांनी ताटाला.

आता गंमत पाहा. आमचे हे इंटिग्रल कोच फॅक्टरीत. 1955 पासून रेल्वेचे डबे बनवणारा हा कारखाना. पण डबे बनवणाऱ्यालाही नियम तोच. कुत्रा आपल्याजवळ हवा असेल तर पहिल्या वर्गाचं दोन किंवा चार बर्थचं कूपे अख्खं घ्यायचं. नाहीतर कुत्र्याची जागा गार्डच्या डब्यातल्या पेटीत, सामानाच्या पावतीवर. नाना म्हणाले, ‘राजा सामान नाही.’ बरेच दिवसांनी त्यांच्या तोंडून एक पूर्ण वाक्य बाहेर पडलं होतं.

शेवटी ह्यांच्या ओळखीच्या एकाने विकायला काढलेली जुनी विंगर आम्ही घेतली. परदेशात लोक घरासारख्या गाडीतून हिंडतात, आपल्याकडेही महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली, हे सगळं ह्यांनी वाचून ठेवलं होतं. पण आमची गाडी अगदी साधी. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, म्हणून कापाकापी काहीच केली नाही. मागच्या आसनांवर सुताराकडून करून घेतलेली फळी टाकली, तिच्यावर गादी. एक छोटी शेगडी, तीही गाडीबाहेर उतरवून पेटवायची. पाण्याचे दोन कॅन. राजाची लस टोचल्याची वही, त्याची थाळी, पट्टा आणि दोन जुनी पोती.

निघायच्या आदल्या रात्री ह्यांनी नानांना सांगितलं, ‘अमेरिकेचा लेखक जॉन स्टाइनबेक 1960 मध्ये चार्ली नावाच्या पूडलला घेऊन अशाच गाडीतून देशभर फिरला. त्यावर पुस्तकही लिहिलं.’

नानांनी राजाच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘कुत्र्याला विचारलं होतं का?’

आम्ही दोघं हसलो. नाना हसले नाहीत.

पहिला तमिळ शब्द

पहाटे पाचला निघालो. कुत्रा बरोबर असला की गाडी त्याच्या तालावर चालते, हे पहिल्याच दिवशी कळलं. दर दोन तासांनी थांबायचं, फिरवायचं, थोडं पाणी द्यायचं. गाडी लागू नये म्हणून निघण्यापूर्वी पोट रिकामं ठेवायचं. उन्हात गाडी उभी करून काचा लावून त्याला आत सोडून जायचं नाही. हिवाळ्याच्या उन्हातही बंद गाडी पाऊण तासात भट्टी होते. ही सगळी कामं नानांनी न सांगता आपल्याकडे घेतली. ‘थांबा’ म्हणायचा अधिकारही त्यांचा. ते खिडकीवर दोनदा टकटक करत आणि हे मुकाट्याने गाडी बाजूला घेत.

तिंडिवनमहून वळून जिंजीला पोचलो. तमिळ लोक तिला सेंजी म्हणतात. एका गल्लीत घरोघरी अंगणं सारवून कोलम काढलेले, मधोमध शेणाच्या गोळ्यावर खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. राजा उतरला तो थेट एका ओल्या रांगोळीतून चालत गेला. माझा जीव खाली-वर! घरातून एक आजीबाई बाहेर आल्या. त्यांनी पावलांचे ठसे पाहिले, राजाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पेर एन्न?’ म्हणजे नाव काय. मी म्हटलं, ‘राजा.’ त्या खुदकन हसल्या. राजा हे नाव तमिळमध्येही लाडाचंच. ‘राजा, वा वा,’ म्हणत त्यांनी बिघडलेल्या ठिकाणी चार ठिपके वाढवले आणि ठशांभोवती वेल काढून टाकली.

जिंजी म्हटलं की मराठी माणसाचं मन हलतं. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. पुढे राजाराम महाराज इथे आले आणि मोगलांच्या वेढ्याला तोंड देत 1698 पर्यंत हा किल्ला लढला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा, तमिळनाडूत. नानांनी हा इतिहास लहानपणी पोवाड्यांतून ऐकलेला. पण राजगिरीचा चढ त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता आणि कुत्र्याला आत नेण्याची सोय नव्हती. ‘तुम्ही जा,’ ते म्हणाले, ‘आम्ही दोघं पहाऱ्याला बसतो.’

तासाभराने उतरलो तर नानांभोवती पाच-सहा पोरांचा घोळका. प्रत्येक पोरगं एकच प्रश्न विचारत होतं, ‘ताता, कडिक्कुमा?’ ताता म्हणजे आजोबा. आणि आमचे नाना, दोन वर्षांत तमिळ शब्द न उच्चारलेले नाना, हात हलवून ठासून सांगत होते, ‘कडिक्कादु, कडिक्कादु!’

चावत नाही! नानांचा पहिला तमिळ शब्द. तो आम्ही शिकवला नव्हता. शिकवायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिथून पुढे तिरुवण्णामलै, चेंगम, हरूर करत सेलम. वाटेतल्या एका वाण्याच्या दुकानासमोर नाना थबकले. पोत्यात बाजरी होती. तमिळमध्ये कंबु. त्यांनी मूठभर उचलली, फुंकली, दाताखाली एक दाणा धरला. ‘आपलीच आहे की,’ म्हणाले आणि दोन किलो दळून घेतली. घराबाहेर त्यांनी स्वतःहून केलेली ही पहिली खरेदी.

वाचकहो, एक सांगते. कुत्र्याला घेऊन लहान गावांतून फिरताना अडचणीही पुष्कळ येतात. प्रत्येक गल्लीची स्वतःची कुत्री असतात आणि पाहुणा त्यांना खपत नाही. नानांच्या हातात काठी असे, पण ती उगारावी लागली नाही. नुसती जमिनीवर आपटली की पुरे. लॉजवाल्यांपैकी निम्मे कुत्रा पाहताच मान हलवतात. पाच रात्रींतल्या दोन रात्री खोली मिळाली, तीन रात्री गाडीतच काढल्या. फळीवर नाना, त्यांच्या पायाशी राजा आणि पुढच्या आसनांवर पाय मुडपून आम्ही दोघं. पंचविसाव्या वाढदिवसाचा थाट!

कोटगिरीची रात्र

मेट्टुपाळयमला निलगिरीचा पायथा लागतो. वर जायला मे 2024 पासून ई-पास घ्यावा लागतो, तो काढून ठेवला होता. नाक्यावर प्लास्टिकच्या बाटल्याही तपासतात. आम्ही कोटगिरीच्या घाटाने चढलो. खाली नारळी-पोफळी, वर चहाचे मळे, आणि संध्याकाळी सहा हजार फुटांवर कोटगिरी. धुकं इतकं की समोरचं दुकान दिसेना. उटी इथून तासाभरावर. तिथली खोली आगाऊ पैसे भरून ठेवलेली, कुत्र्यासकट. पण अंधारात पुढे नको म्हणून एका लॉजच्या आवारात गाडी लावायची परवानगी घेतली. राखणदाराने खुणा करून बजावलं, कुत्र्याला बाहेर बांधू नका, बिबट्या येतो.

रात्री दहाला पारा सात-आठवर उतरला आणि राजा थरथरायला लागला. कारवानच्या अंगावर ना दाट केस ना चरबी. शिवाय राजा दहा वर्षांचा. कुत्र्याच्या मानाने म्हाताराच. आधी पाठ कापत होती, मग मागचे पाय ताठरले. थाळीतल्या दूधभाताकडे त्याने पाहिलंही नाही. पोती घातली, माझी शाल घातली. उपयोग होईना.

नाना म्हणाले, ‘शेगडीत कोळसे पेटवून आत ठेवा. गावाकडे असंच करतो.’

हे म्हणाले, ‘नाही नाना.’ आणि ते बरोबरच होतं. बंद गाडीत किंवा खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणसं जातात. गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच धोक्याचं. आम्ही तर खिडकीसुद्धा बोटभर उघडी ठेवली होती. पण ह्यांचा आवाज नको तितका चढला. ‘तुम्हाला कळत नाही’ हे शब्द तोंडून गेलेच.

नाना काही बोलले नाहीत. ट्रंकेतून घोंगडी काढली. सासूबाईंची. माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘सूनबाई, कात्री.’

मी म्हटलं, ‘नाना, ही नको. दुसरं काहीतरी बघू.’

‘तिनेच घेतलीय,’ ते म्हणाले. ‘तिला चालेल.’

घोंगडीचा एक तुकडा त्यांनी कापला, पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडली, सुतळीने पोटाखाली बांधला. उरलेली स्वतःवर आणि राजावर मिळून ओढली आणि त्याला कुशीत घेऊन पडले. आम्ही तिघंही झोपलो नाही. पहाटे कधीतरी राजाची थरथर कमी झाली. पण सकाळी तो उठेना.

बाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं मुंडासं, अंगाभोवती पांढरं वस्त्र. हे बडग. निलगिरीत पिढ्यानपिढ्या शेती करणारे लोक. नानांनी उचलून आणलेला, घोंगडी नेसलेला राजा पाहून ते काहीतरी बोलले. नाना दचकले. मग नाना काही बोलले. आणि बघता बघता दोघं म्हातारे असे बोलू लागले, जणू एका बांधावरचे शेजारी! मला काही उमगेना. ह्यांनी कानात सांगितलं, ‘बडगांची भाषा कानडीच्या जवळची आहे.’ जतची कानडी आणि कोटगिरीची बडग, अर्धं कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी. दोन वर्षं साचलेलं सगळं नाना तिथे बोलले. कुत्र्याबद्दल, बाजरीबद्दल, आणि एकदा, मला एवढंच कळलं, सासूबाईंबद्दल. समोरच्या गृहस्थांनी मान हलवून आपल्या पांढऱ्या वस्त्राचं टोक डोळ्यांना लावलं.

त्यांनीच गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारण 38 ते 39 अंश हवी, राजाची बरीच उतरली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितल्या. माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका, कुत्र्याला ती विष ठरू शकते, असंही बजावलं. आणि वर जाऊ नका, खाली उतरा, म्हणाले.

उटी तासाभरावर होती. तिथली खोली, तो तलाव, पंचवीस वर्षं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मग मी पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो दोन वर्षांत कधी विचारला नव्हता. ‘नाना, तुम्ही सांगा. काय करायचं?’

‘खाली,’ नाना म्हणाले. ‘उटी कुठं पळून जात नाही.’

भोगीची भाकरी

मेट्टुपाळयमला ऊन होतं. दुपारी राजा आपल्या पायांवर उभा राहिला, संध्याकाळी अर्धी वाटी दही-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी इथली भोगी. पोंगलच्या आदल्या दिवसाला तमिळ लोकही भोगीच म्हणतात आणि पहाटे दारात जुन्या-पान्याची शेकोटी करतात. रस्त्याकडेला गाडी लावून नानांनी बाजरीचं पीठ मळलं. भाकऱ्या मी थापायला घेतल्या तर म्हणाले, ‘सरक.’ तीळ लावलेल्या चार भाकऱ्या त्यांनी स्वतः थापल्या. पहिली भाकरी कुणाला मिळाली हे सांगायला नकोच.

जेवताना ते म्हणाले, ‘फेब्रुवारीत शाळूची काढणी असते. मला गावी जायचंय. दोन महिने. राजासकट.’

ह्यांच्या तोंडावर सवयीचं ‘कसं शक्य आहे’ आलं होतं. ते त्यांनी भाकरीच्या घासाबरोबर गिळलं आणि विचारलं, ‘तिथं रात्री सोबतीला कोण झोपेल, नाना?’ मग दोघांनी बसून ठरवलं. भाऊबंदांपैकी कोणी रात्री ओसरीवर यायचं, फोन रोज करायचा, आणि न्यायला-आणायला ही गाडी.

परतताना मी विचार करत होते. कुत्र्याला रेल्वेत सामान म्हणून नेतात, याचा आम्हाला केवढा राग आला होता! आणि नानांना आम्ही दोन वर्षं कसं सांभाळत होतो? नीट बांधून, वेळेवर उचलून, ‘काळजीपूर्वक हाताळा’ अशी चिठ्ठी लावून. त्यात माया नव्हती असं नाही. पण बरोबर नेणं आणि वाहून नेणं यांतला फरक आम्हाला एका म्हाताऱ्या कुत्र्याने दाखवला.

तुमच्याही घरी असे कोणी नाना, कोणी आजी असतील. त्यांना फिरायला न्यायला गाडी लागतेच असं नाही. आज संध्याकाळी भाजीला जाताना बरोबर न्या आणि भाजी त्यांना निवडू द्या.

राजा आता बरा आहे. मागचे पाय सकाळी थोडे आखडतात. अजून किती हिवाळे, कोण सांगणार? घोंगडीचा तो झगा मी धुऊन, काठाला शिवण घालून ठेवला आहे. शाळूच्या काढणीला जतमध्ये पहाटे बऱ्यापैकी गार असतं म्हणे.